हक्क मिळतात कुठे?

सहामाही परीक्षा आणि दिवाळीचा फराळ ही दोन संकटे आमच्या घरी दर वर्षी हातात हात घालून येतात. यंदाही तसेच झाले. स्वयंपाकघरात चकलीची भाजणी भाजणे चालले होते आणि उंबऱ्याशी बसून नात नागरिकशास्त्र घोकीत होती. समानतेचा हक्क, स्वातंत्र्याचा हक्क, शोषणाविरुद्धचा हक्क, धार्मिक स्वातंत्र्याचा हक्क, सांस्कृतिक व शैक्षणिक हक्क आणि घटनात्मक उपाययोजनांचा हक्क! सहाच्या सहा मूलभूत हक्क तिने एका दमात म्हणून दाखविले. कढईतला हात न थांबविता तिच्या आजीने विचारले, "सहा झाले खरे, पण हे मिळतात कुठे ग?"

"आजी, ते काय दुकानात मिळतात? ते घटनेत असतात."

"असतात ते कळले मला. मिळतात कुठे, ते विचारते आहे."

नात हसली, मीही हसलो आणि भाजणी पुढे भाजली गेली. पण तो प्रश्न काही माझ्या मनातून जाईना. थट्टेत विचारलेला असला तरी तो साधा प्रश्न नव्हे. हक्क असणे वेगळे आणि हक्क मिळणे वेगळे. या दोहोंमधले अंतर कधी चार पावलांचे असते, तर कधी ते चालून जावयास दहा वर्षे लागतात. हे मी अलंकारिक भाषेत बोलत नाही. बरोबर दहा वर्षांचा, आणि आपल्याच कोकणात घडलेला, असा एक हिशेब आहे. तोच आज वाचकांपुढे मांडावा म्हणतो.

नागरिकांच्या हक्कांचा इतिहास सांगू लागले की आपण बहुधा विलायतेपासून सुरुवात करतो. १२१५ साली इंग्लंडच्या जॉन राजाला त्याच्या सरदारांनी टेम्सकाठच्या कुरणात गाठले आणि सनदेवर त्याची मोहोर उठवून घेतली. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. या साऱ्या कथांमध्ये एका बाजूला राजा असतो आणि दुसऱ्या बाजूला प्रजा. राजाचा हात बांधला की प्रजा मोकळी झाली, असा त्यांचा सरळ हिशेब. आपल्याकडची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. इथे माणसाची वाट अडविणारा पुष्कळदा राजा नसे. तो शेजारी असे. सरकार म्हणे, 'जा'. आणि आळीतला माणूस म्हणे, 'खबरदार!' हे नीट समजून घ्यावयाचे तर रायगडच्या पायथ्याकडे, महाडला जावे लागते.

महाड हे सावित्री नदीकाठचे जुने बाजाराचे गाव. तेव्हा जिल्हा कुलाबा. त्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली. तालुक्याची कचेरी महाडला, कोर्ट महाडला, बाजारही महाडलाच. आसपासच्या खेड्यांतल्या माणसाला काही ना काही कामासाठी तिथे यावेच लागे. गावात चार-पाच एकरांचे एक मोठे तळे आहे. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी त्यात साठते. नाव चवदार तळे. काठाने नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांच्या कडेने घरे. बाहेरगावच्या माणसाची तहान भागावी असे सार्वजनिक पाणी गावात तेवढेच. कोकणात पाऊस धो धो पडतो हे खरे. पण फाल्गुन-चैत्रात त्याच कोकणात घोटभर पाण्यासाठी जीव कासावीस होतो, हे कोकणच्या माणसाला सांगावयास नको.

या तळ्यावर हिंदू पाणी भरीत, मुसलमान भरीत, गुरेढोरे पाणी पीत. अस्पृश्य मानलेल्या माणसाला मात्र तिथे मज्जाव होता. खेड्यातला वतनदार महार सरकारी वसूल घेऊन महाडच्या कचेरीत येई. सरकारचा पैसा उन्हातान्हातून सुखरूप आणून पोचविण्याइतका तो विश्वासाचा. पण वाटेवरच्या तळ्यात ओंजळ बुडविण्याचा त्याला अधिकार नव्हता. पाणी हवे असेल तर त्याने दूर आपल्या वस्तीतल्या विहिरीवर जावे, आणि ती विहीर बहुधा गाळाने भरलेली.

आता गंमत अशी की, कागदावर हे तळे केव्हाच खुले झालेले होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी एक ठराव आणला व तो संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. सरकारने त्याप्रमाणे हुकूमही सोडले. महाडच्या नगरपालिकेने तर १९२४ च्या जानेवारीत स्वतःचा ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. सुरबानाना टिपणिसांसारखी सुधारणेच्या बाजूची माणसे त्या गावात होती, हे नमूद केले पाहिजे.

म्हणजे वर कौन्सिल अनुकूल, मध्ये सरकार अनुकूल, खाली नगरपालिका अनुकूल. मग अडले कुठे? अडले ते काठावर. ठराव होऊन तीन वर्षे लोटली. पण तळ्यावर जाण्याची एकाचीही छाती झाली नाही. तळ्याभोवतीच्या घरांतून डोळे रोखलेले असत आणि ठरावाचा कागद हातात धरला म्हणून डोक्यात पडणारा सोटा काही चुकत नसे. बोल्यांनाही हे उमगले होते. १९२६ साली त्यांनी पुन्हा ठराव आणला की, ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे हे पाणवठे खुले करणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. पण कागदाला कागद जोडल्याने तहान भागत नाही.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांनी ती घडवून आणण्यासाठी पुष्कळ खपले होते. अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर, वय अवघे छत्तीस पुरे व्हावयाचे, नुकतीच बॅरिस्टरी सुरू झालेली. खेड्यापाड्यांतून हजारो माणसे भाकरी बांधून पायी आली. परिषदेसाठी पाणी मात्र विकत घ्यावे लागले, चाळीस रुपयांचे! पाण्याने भरलेल्या तळ्याच्या गावी, ज्यांच्यासाठी तळे कायद्याने खुले आहे त्या माणसांनी, चाळीस रुपये मोजून पाणी विकत घ्यावे, यापेक्षा कागदावरच्या हक्काची किंमत अधिक नेमकेपणाने कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी ठराव झाले, भाषणे झाली. आता आभार मानून पांगावयाचे, इतक्यात अनंतराव चित्रे उठले आणि त्यांनी सुचविले की, एवढे बोलून झाले, तर आता एक गोष्ट करूनच घरी जाऊ. नगरपालिकेने खुले केलेल्या तळ्यावर जाऊन पाणी पिऊ. सभा उठली. चार-चारांच्या रांगा लागल्या आणि ती माणसे महाडच्या रस्त्यांतून शांतपणे चालत तळ्यावर आली. डॉ. आंबेडकर पायऱ्या उतरले, ओंजळ भरली आणि पाणी प्याले. मागोमाग इतरांनी ओंजळी भरल्या. साडेतीन वर्षे कागदावर पडून राहिलेला ठराव त्या क्षणी पहिल्यांदा खरा झाला.

किंमत लगेच चुकवावी लागली. 'आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी हूल कोणी तरी उठविली. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन निघाला. मंडपात माणसे जेवत होती. त्यांना मारहाण झाली, अन्न मातीत कालविले गेले. वाटेत एकटेदुकटे सापडतील त्यांना झोडपले. काहींना मुसलमानांच्या घरांतून आसरा मिळाला. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले शिपाई होते. त्यांनी मनात आणले असते तर गावात रक्ताचा सडा पडला असता. पण डॉ. आंबेडकरांनी हात उचलू नका असे बजावले, आणि त्या माणसांनी ते ऐकले. पुढे दंगलखोरांपैकी काहींना शिक्षा झाल्या.

यानंतर तळे शुद्ध करण्याचा विधी झाला. तळ्यातून एकशे आठ घागरी पाणी काढले, त्यात दही, दूध, गोमूत्र, शेण कालविले, मंत्र म्हटले आणि ते पाणी तळ्यात ओतले. आज या हकीकतीला आपण हसतो. पण ज्याच्या ओंजळीने तळे बाटले असे ठरले, त्याला ती वाचून काय वाटले असेल, याचा विचार करून मग हसावे.

पुढची पायरी नगरपालिकेने गाठली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोल्यांच्या मूळ ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. या योगायोगात एक धडा भरलेला आहे: जो हक्क ठरावाने मिळतो, तो ठरावाने जातो. देणाऱ्याच्या मर्जीवर जे अवलंबून असते ते दान होय; त्याला हक्क म्हणावयाचे कशाला?

तेव्हा २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. डॉ. आंबेडकर मुंबईहून आगबोटीने दासगावला उतरले आणि तिथून सोबतच्या माणसांसह पायी महाडला आले. मंडपासाठी जागा दिली ती एका मुसलमान गृहस्थाने. या परिषदेत अध्यक्षांनी आपल्या श्रोत्यांना एकदम फ्रान्समध्ये नेले. १७८९ ची फ्रान्सची राष्ट्रसभा आणि महाडची ही सभा यांची तुलना करून त्यांनी सांगितले की, आपण इथे केवळ पाणी पिण्यासाठी जमलेलो नाही. इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी जमलो आहोत. परिषदेने जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा संमत केला, आणि त्याच रात्री विषमतेचा आधार म्हणून मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. भारताची घटना अंमलात यावयास तेव्हा बावीस वर्षे अवकाश होता. त्या मंडपात बसलेल्या बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती; पण 'माणूस म्हणून माझा हक्क' ही कल्पना त्यांना कोणी समजावून सांगावी लागली नाही.

परंतु याच वेळी एक पेच उभा राहिला, आणि माझ्या मते महाडच्या साऱ्या कथेतला खरा कसोटीचा क्षण हाच. गावातल्या काही मंडळींनी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला होता. तळे सार्वजनिक नसून स्पृश्य हिंदूंचे आहे, आणि अस्पृश्यांनी त्याला शिवावयाचे नाही अशी अनादि काळापासूनची रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाने १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम दिला. आता काय करावयाचे? मंडपात हजारो माणसे जमलेली; तुरुंगात जावयाला तयार असलेल्यांची नावे टिपली जात होती. एका बाजूला मार्चमध्ये खाल्लेला मार, दुसऱ्या बाजूला कोर्टाचा कागद. कलेक्टर स्वतः येऊन समजावून गेले. रात्रभर खल झाला. अखेर डॉ. आंबेडकरांनीच ठरविले आणि लोकांना पटविले की, सरकार आपल्या विरुद्ध नाही, दाव्याचा निकाल लागलेला नाही. निकाल लागेपर्यंत थांबावयाचे. मिरवणूक निघाली, तळ्याभोवती फिरली आणि पाण्याला हात न लावता परत आली.

त्या माणसांच्या जागी आपण स्वतःला कल्पून पाहावे. पाणी हाताशी आहे, संख्या मोठी आहे, मार्चचे वळ अजून अंगावर आहेत, आणि ज्या समाजाने शतकानुशतके दाद दिली नाही त्याच समाजातून आलेल्या न्यायाधीशाने हुकूम काढला आहे. तरीही ती माणसे मागे फिरली. काहींना तेव्हा हा पराभव वाटला असेल. पण लाठीने लाठीला उत्तर देणे सोपे असते. ज्या दरवाजाने आजवर आपल्याला आत घेतले नाही, त्याच दरवाजावर पुन्हा थाप मारून 'उघड' म्हणत उभे राहणे कठीण.

हे उभे राहणे दहा वर्षांचे झाले. १९३१ साली महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. वादी अपिलात गेले. अपीलही फेटाळले गेले. ते मुंबईच्या हायकोर्टात गेले. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर असा तो खटला. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे तो चालला. १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सांगणारे ब्रूमफील्डसाहेब ते हेच. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला आणि तो अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पहिली ओंजळ भरली त्या दिवसाला दहा वर्षे पुरी होण्यास तीन दिवस कमी होते.

विजय झाला खरा. पण निकाल बारकाईने पाहिला म्हणजे मन थोडे चरकते. कोर्टाने काय म्हटले? पाणी हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, असे म्हटले नाही. तसे म्हणावयास त्याच्यापाशी कायदाच नव्हता. कोर्टाने म्हटले ते इतकेच की, वादी सांगतात ती अनादि रूढी त्यांना सिद्ध करता आलेली नाही. एवढे मोठे उघडे तळे. त्याच्या काठी स्पृश्यांची घरे उभी राहण्यापूर्वी तिथे कोणी कोणाला अडविले असेल असे मानण्यास आधार नाही, हा त्यातला युक्तिवाद. रूढी सिद्ध झाली असती, तर ती न्याय्य की अन्याय्य हा पुढचा प्रश्न. तो सोडविण्याची कोर्टाला गरजच पडली नाही. म्हणजे दहा वर्षांच्या लढ्याचे फळ एका बारीक दोऱ्याला लोंबकळत होते. तो अन्याय पुरेसा जुना असल्याचा पुरावा वाद्यांपाशी नव्हता, म्हणून तो टिकला नाही!

इकडे देशात नागरिकांच्या मूलभूत हक्कांची मागणी वाढत होती. १९१८ च्या मुंबईच्या खास अधिवेशनात काँग्रेसने हक्कांच्या जाहीरनाम्याची मागणी केली, १९२८ च्या नेहरू अहवालात हक्कांची यादी आली, १९३१ साली कराचीला वल्लभभाईंच्या अध्यक्षतेखाली तसा ठराव झाला. इंग्रज मुत्सद्द्यांना मात्र ही कल्पना पसंत नव्हती. सायमन कमिशनने १९३० मध्ये अभिप्राय दिला की, हक्क अंमलात आणण्याची इच्छा आणि साधने नसतील तर असले कोरे जाहीरनामे निरुपयोगी होत. १९३५ च्या कायद्यात हक्कांची सनद आली नाही.

सायमनसाहेबांचा हेतू कसाही असो, त्यांचे हे वाक्य चुकीचे होते असे मला म्हणवत नाही. महाडचा अनुभव दुसरे काय सांगत होता? पण त्यांनी काढलेले अनुमान उफराटे होते. साधने नाहीत म्हणून हक्क लिहू नयेत, असे ते म्हणाले. आपल्या घटनाकारांनी म्हटले, हक्क लिहू आणि त्याच कागदावर साधनही लिहू.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेच्या मसुदा समितीची नेमणूक झाली आणि तिच्या अध्यक्षस्थानी आले ते महाडच्या दाव्यातले प्रतिवादी. घटनेतली हक्कांची कलमे ही काही एकट्या माणसाची निर्मिती नव्हे. आचार्य कृपलानींच्या अध्यक्षतेखालील उपसमिती, मुनशी, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, राजकुमारी अमृत कौर, हंसाबेन मेहता अशा कित्येकांचे हात त्यांना लागले आहेत. तरी महाडची हकीकत मनात ठेवून ती कलमे वाचावीत. शब्दाशब्दांतून ते तळे दिसू लागते.

पंधराव्या कलमात म्हटले आहे की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला सरकारी पैशाने राखलेल्या किंवा सार्वजनिक उपयोगासाठी दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते वापरण्यास आडकाठी होता कामा नये. जगाच्या पाठीवरच्या हक्कांच्या सनदांत भाषणस्वातंत्र्य सापडते, धर्मस्वातंत्र्य सापडते. पण विहीर आणि तलाव क्वचितच सापडतील. ते आपल्या घटनेत आहेत, कारण आपले भांडण तिथे होते. आणि हे कलम केवळ सरकारला उद्देशून नाही. ते आळीतल्या शेजाऱ्यालाही बजावते. सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. तेराव्या कलमाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पण त्यात एक छोटासा शब्द येऊन बसला आहे: रूढी. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे रद्द, आणि 'कायदा' या शब्दात कायद्याचे बळ असलेली रूढीही धरावयाची. १९३७ साली प्रश्न होता, रूढी किती जुनी? १९५० नंतर तो प्रश्नच उरला नाही. रूढी शंभर वर्षांची असो की हजार वर्षांची, ती माणसाच्या हक्काच्या आड आली की संपली.

आणि शेवटी बत्तिसावे कलम. माझी नात यादीच्या अखेरीस म्हणते तो घटनात्मक उपाययोजनांचा हक्क. मूलभूत हक्क हिरावला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावता येईल, आणि हे दार ठोठावणे हाच एक मूलभूत हक्क राहील. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटनासमितीत या कलमाची चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकर म्हणाले की, ज्याच्यावाचून सारी घटना व्यर्थ होईल असे एकच कलम दाखवा म्हटले तर आपण हेच दाखवू. ते घटनेचे हृदय आणि आत्मा आहे. ठराव हाती असून ज्यांना साडेतीन वर्षे पाणी मिळाले नाही, आणि पाण्याला स्पर्श केल्यावर ज्यांना दहा वर्षे कोर्टात उभे राहावे लागले, त्यांच्या प्रतिनिधीने हे बोलावे यात नवल नाही. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा संमत केला. त्यातल्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारा शब्द जाऊन 'सर्व माणसे' असा शब्द आला, तो आपल्या हंसाबेन मेहतांच्या आग्रहामुळे.

नव्या दाराची परीक्षा लवकरच झाली. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली. संपादक रोमेश थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. आधी हायकोर्टात जावयास हवे होते, असा आक्षेप आला. न्यायालयाने तो मानला नाही. मूलभूत हक्कांचे रक्षण करण्यासाठीच आपली योजना आहे, तेव्हा आलेल्याला परत पाठविता येणार नाही असे सांगितले, आणि २६ मे १९५० रोजी बंदी उठविली. घटना अंमलात येऊन त्या दिवशी बरोबर चार महिने झाले होते.

तथापि हे दार कायमचे उघडे राहील असे समजून झोपी जाणे बरे नव्हे, हेही आपण पाहिले आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि दोनच दिवसांनी राष्ट्रपतींच्या हुकमाने काही मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्याचा मार्ग बंद करण्यात आला. त्यात जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्कही होता. घटनेतून एक ओळही खोडलेली नव्हती. हक्क जसेच्या तसे छापलेले होते. फक्त दार लावले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की, बंदिवानाला या काळात दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध मत देऊन गेले; पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. चवदार तळ्याचीच ती पुन्हा एकदा कथा होती. या वेळी मात्र वाट अडविणारा शेजारी नव्हता, सरकार होते.

ही चूक दुरुस्त झाली, पण सावकाश. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरविले की, आणीबाणीतही जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टाचा मार्ग बंद करता येणार नाही. आणि १९७६ चा तो निकाल २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी चुकीचा ठरविला. तो निकाल देणाऱ्या चौघांत न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. तो चुकीचा ठरविणारे मुख्य निकालपत्र लिहिले त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. आपल्याच घरातली चूक आपल्याच हाताने दुरुस्त करण्याचे असे प्रसंग इतिहासात थोडेच.

मग आता सारे ठीक झाले का? तसे म्हणणे आत्मवंचना होईल. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला, १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. कायद्यांवर कायदे करावे लागतात याचाच अर्थ काठावर अजून कोणी तरी उभे आहे. पाणवठ्यावरून तंटा झाल्याच्या, माणसाला देवळाच्या पायरीवरून हाकलल्याच्या, वरातीच्या घोड्यावरून उतरविल्याच्या बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रांत येतच असतात. त्या आपण चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो.

परवा नातीची परीक्षा संपली. तिला ही सारी हकीकत सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले, "पण आजोबा, त्या दिवशी सगळ्यांना पाणी मिळाले ना?"

मिळाले. त्या दिवशी मिळाले, मग दहा वर्षे अडले आणि मग पुन्हा मिळाले. तिची आजी तोवर चकल्या डब्यात भरीत होती. तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे माझ्याकडे राहिले होते. ते आता देतो. हक्क घटनेत असतात, पण मिळतात ते तळ्याच्या काठावर. तिथे कोणी तरी पहिली ओंजळ भरावी लागते, कोर्टाचे दार उघडे असावे लागते, आणि काठावरच्या घरात राहणाऱ्याने आपली लाठी खाली ठेवावी लागते. पहिल्या दोन गोष्टी दुसऱ्यांनी आपल्यासाठी करून ठेवल्या आहेत. आपल्यापैकी पुष्कळांची घरे काठावर आहेत; तिसरी गोष्ट आपली आहे.